बस वाढवायच्या, की आहेत त्या आधी वेगात चालवायच्या?

पायवाट:
नमस्कार मंडळी. आमच्या एका छोट्या गटात सध्या हाच विषय चाललाय आणि काही केल्या एकमत होत नाहीये, म्हणून इथे विचारतेय. समजा एखादं मध्यम आकाराचं शहर आहे, रस्त्यावर गाड्या वाढतच चालल्यात, हवा बिघडतेय, आणि सार्वजनिक वाहतुकीसाठी पैसा आहे पण बेताचाच. सगळं एकदम होणार नाही. तर आधी कशाला हात घालायचा? गटातले निम्मे म्हणतात मेट्रोशिवाय गत्यंतर नाही, काहीजण म्हणतात सगळ्या बस इलेक्ट्रिक करा, एकजण म्हणतो तिकीटच काढून टाका, फुकट केलं की लोक आपोआप गाड्या घरी ठेवतील. मला यातलं काहीच पूर्ण पटत नाहीये. ज्याच्याकडे गाडी आहे तो बसमध्ये का बसत नाही? मला वाटतं तिकीट हे त्याचं कारणच नाही, बस कधी येईल याचा भरवसा नसतो आणि आली तरी ती त्याच ट्रॅफिकमध्ये अडकून पडते, मग तो म्हणतो अडकायचंच आहे तर स्वतःच्या गाडीत अडकतो. पण नुसतं मला वाटून काय उपयोग, दाखवायला काहीतरी हवं ना. कुणी यात काम केलंय का? जिथे खरंच फरक पडला तिथे नेमकं काय केलं होतं? शेवटी आम्हाला एक निवेदन द्यायचंय, त्यात लांबलचक यादी नको, दोनतीनच मागण्या पण ठाम हव्यात.

चक्रधर:
मी बसची वेळापत्रकं बसवण्याचं काम बरीच वर्षं केलंय, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

तुम्ही बरोबर जागी बोट ठेवलंय. सगळे विचारतात बस किती आहेत, पण विचारायला हवं एक बस दिवसात किती फेऱ्या मारते. गणित करूनच बघा. ८ किलोमीटरचा मार्ग धरा आणि बस सरासरी ताशी १२ किलोमीटरने चालतेय असं धरा, गर्दीच्या वेळेला हा वेग अगदी नेहमीचा आहे. जायला ४० मिनिटं, यायला ४०, दोन्ही टोकांना मिळून १० मिनिटं थांबणं, म्हणजे जाऊन येऊन दीड तास. दर १० मिनिटांनी बस हवी असेल तर ९ गाड्या लागणार. आता त्याच मार्गावर वेग ताशी १६ पर्यंत नेला तर जायला ३०, यायला ३०, थांबणं धरून ७० मिनिटं. त्याच १० मिनिटांच्या अंतराला ७ गाड्या पुरल्या! दोन गाड्या सुटल्या, त्यांचे चालक सुटले, इंधन सुटलं, आणि त्या दोन गाड्या काढून न घेता तिथेच फिरत ठेवल्या तर बस आठ मिनिटांच्या आत यायला लागते. नवीन एकही गाडी घेतलेली नाही. माझ्या मते बेताच्या पैशात करण्यासारखं सगळ्यात मोठं काम हेच आहे आणि ते कुणाच्या जाहिरातीत दिसत नाही म्हणून मागे पडतं.

दुसरी गोष्ट, नुसत्या फेऱ्या वाढवून चालत नाही, त्या सारख्या अंतराने आल्या पाहिजेत. तासाला ४ बस, अगदी नीट १५-१५ मिनिटांनी आल्या तर कधीही स्टॉपवर येणाऱ्या माणसाला सरासरी साडेसात मिनिटं थांबावं लागतं. त्याच ४ बस जोडीजोडीने आल्या, म्हणजे दोन मिनिटांत दोन आणि मग २८ मिनिटं काहीच नाही, तर सरासरी थांबणं १३ मिनिटांवर जातं. कागदावर दोन्हीकडे तासाला ४ फेऱ्याच! आणि बहुतेक माणसं त्या २८ मिनिटांच्या पोकळीतच स्टॉपवर आलेली असतात, त्यामुळे पहिली बस खच्चून भरते आणि तिच्या मागची निम्मी रिकामी जाते. लोक चालकाला बोल लावतात, पण त्याचा काही दोष नसतो. एक बस सिग्नलला दोन मिनिटं अडकली की पुढच्या स्टॉपवर तिच्यासाठी जास्त माणसं जमतात, ती चढायला जास्त वेळ लागतो, ती अजून मागे पडते, आणि तिच्या मागच्या बसला माणसंच मिळत नाहीत म्हणून ती पळत येऊन हिला गाठते. यावर इलाज म्हणजे वेळापत्रकात टोकाला पुरेसा मोकळा वेळ ठेवायचा आणि मधल्या एकदोन ठिकाणी नियंत्रकाने पुढे गेलेली बस थोडी रोखून धरायची. मुख्य म्हणजे बस मुळात अडकूच द्यायची नाही.

निळी छत्री:
चक्रधर यांनी गणित दिलंय, मी शहरांची उदाहरणं देते.

कुरितिबा, ब्राझील. १९७४ मध्ये तिथे बससाठी रस्त्याच्या मधोमध वेगळ्या मार्गिका सुरू झाल्या, तेव्हाचे महापौर झाइमे लेर्नेर. हातात मेट्रोएवढे पैसे नव्हते. १९९१ मध्ये नळीसारखे काचेचे स्टॉप आले, त्यात तिकीट आत शिरतानाच द्यायचं आणि फलाटाची उंची बसच्या दाराएवढी, म्हणजे बस आली की सगळी दारं एकदम उघडतात, पायऱ्या चढायच्या नाहीत, सुट्टे पैसे शोधायचे नाहीत. मेट्रोत जे जे वेळ वाचवतं ते सगळं त्यांनी बसला दिलं, फक्त बोगदा सोडून. कोलंबियातल्या बोगोटाने डिसेंबर २००० मध्ये हेच मोठ्या प्रमाणावर केलं. त्याआधी तिथे खासगी बसवाल्यांची कमाई प्रवाशांच्या संख्येवर असायची त्यामुळे एकेका प्रवाशासाठी रस्त्यात शर्यती लागायच्या, नव्या पद्धतीत मुख्य मार्गांवरच्या बसवाल्यांना चालवलेल्या किलोमीटरचे पैसे मिळायला लागले आणि शर्यतीचं कारणच गेलं. पुढे तिथे प्रचंड गर्दी झाली, लोक वैतागले, आंदोलनं झाली, हेही निवेदन लिहिताना लक्षात ठेवा. व्यवस्था चालली की माणसं येतात आणि मग वाढवत राहावं लागतं.

पण माझं सगळ्यात आवडतं उदाहरण स्वित्झर्लंडमधलं झुरिक आहे. १९७३ मध्ये तिथल्या मतदारांनी भुयारी रेल्वेचा प्रस्ताव फेटाळला आणि १९७७ मध्ये ट्राम आणि बसचा वेग वाढवण्यासाठी २० कोटी फ्रँक खर्चायला मंजुरी दिली. मग त्यांनी एकेक चौक घेऊन काम केलं, ट्राम किंवा बस जवळ आली की सिग्नलला कळतं आणि तो तिच्यासाठी हिरवा होतो, जिथे गाड्या रुळात घुसायच्या तिथे घुसणं बंद केलं. भव्य असं काहीच नाही त्यात. आणि आज सार्वजनिक वाहतुकीचा विषय निघाला की लोक झुरिकचंच नाव घेतात, तिथे सूटबूट घातलेला माणूसही ट्रामनेच जातो.

उलटं उदाहरणही बघा, दिल्लीतला आंबेडकर नगर ते मूलचंद हा ५.८ किलोमीटरचा बस मार्ग. २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला. मार्गिका मधोमध आखली पण त्यात घुसणाऱ्या गाड्या थोपवल्या गेल्या नाहीत, चौकातले सिग्नल इतके लांब की सगळेच खोळंबले, शिवाय स्टॉप मधोमध असल्याने चढायला आधी भर रहदारीतला रस्ता ओलांडा. बसमधल्या लोकांचा वेळ वाचत होता तरी बाहेरच्यांचा राग जास्त मोठा ठरला. नुसता रंगाचा पट्टा ओढला म्हणजे मार्गिका झाली असं होत नाही.

पायवाट:
दोघांचेही मनापासून आभार, ते १३ मिनिटांचं गणित आमच्या गटात आज रात्रीच टाकते. एक विचारायचं होतं. मार्गिका म्हटलं की पहिला आक्षेप ठरलेला असतो, आधीच रस्ता अरुंद, त्यातली एक लेन बसला दिली तर बाकीच्यांनी जायचं कुठून. याला काय उत्तर द्यायचं?

चक्रधर:
त्यांना विचारा की लेन म्हणजे गाड्या मोजायची जागा आहे की माणसं. मोटारींनी भरलेली शहरातली एक लेन तासाला साधारण ६०० ते १६०० माणसं नेते, कारण बहुतेक मोटारींत एकटा माणूस. तीच लेन फक्त बसना दिली आणि बस नीट येत राहिल्या तर ४००० ते ८००० माणसं जातात. म्हणजे रस्ता जितका अरुंद तितकी मार्गिकेची गरज जास्त, रुंद रस्त्यावर एकवेळ तिच्याशिवाय चालेल.

आणि एक सांगतो, मार्गिका सगळीकडे मागूच नका. मार्गाच्या बहुतेक भागात बस बरी चालत असते, सगळा वेळ दोनतीन ठिकाणी जातो, एखादा चौक, एखादा पूल, एखाद्या बाजाराचा तुकडा. चौकाच्या अलीकडे शंभर मीटर जरी बसला वेगळी जागा मिळाली आणि सिग्नल तिच्यासाठी चारपाच सेकंद आधी सुटला तरी ती रांगेच्या पुढे निघून जाते. हे काम रंग, काही खांब आणि सिग्नलच्या कंट्रोलरमधला बदल एवढ्यात होतं.

बाकीचा वेळ स्टॉपवर जातो आणि तिकडे कुणी बघतच नाही. कुठल्याही गर्दीच्या स्टॉपवर उभं राहून बघा. ४० माणसं एकाच दाराने चढतायत, माणशी तीन सेकंद धरा, झाली दोन मिनिटं. दोन्ही दारांनी चढू दिलं तर एक मिनिट. कुणी दारातच सुट्ट्या पैशासाठी थांबला की तीनाचे दहा सेकंद होतात. सॅन फ्रान्सिस्कोने २०१२ मध्ये सगळ्या बसमध्ये सगळ्या दारांनी चढायला मुभा दिली, तिकीट आधी काढलेलं किंवा कार्ड टेकवायचं आणि तपासनीस अधूनमधून तपासणार. त्यानंतर स्टॉपची जागा. बससाठी रस्त्याच्या कडेला आत खाच केलेली असते ना, दिसायला छान, पण आत गेलेल्या बसला बाहेर पडायला कुणी वाट देत नाही, आणि त्या खाचेत दोन मोटारी उभ्या असल्या की बस रस्त्यातच तिरकी थांबते, म्हातारी माणसं फूटपाथवरून खाली उतरतात, रस्त्यावरून चालत जातात आणि तिथून ती उंच पायरी चढतात. त्यापेक्षा फूटपाथच बसपर्यंत पुढे आणायचा. बस सरळ येते, सरळ थांबते, सरळ निघते, आणि पायरी फूटपाथच्या जवळ येते. सिमेंटचं काम, एवढंच.

उंबरठा:
सगळं पटतंय, पण मला थोडं वेगळं मत मांडायचंय. नुसती बस सुधारून गाड्या कमी होत नाहीत हो. बस चांगली झाली, थोडे लोक तिच्यात गेले, रस्त्यावर जरा जागा झाली की ती जागा दुसऱ्या गाड्यांनी भरते. हवा सुधारायची असेल तर गाडी वापरण्याची खरी किंमत गाडीवाल्याने द्यायला हवी, पार्किंगची असो नाहीतर गर्दीच्या वेळी मध्यवर्ती भागात शिरण्याची. सिंगापूरने हे १९७५ मध्येच सुरू केलं, तेव्हा काचेला कागदी परवाना चिकटवायचा, १९९८ पासून इलेक्ट्रॉनिक. लंडनमध्ये फेब्रुवारी २००३ पासून आहे आणि तो पैसा वाहतुकीवरच खर्च करायचं बंधन कायद्यात घातलं होतं. स्टॉकहोमचं तर अभ्यासण्यासारखं आहे, जानेवारी ते जुलै २००६ फक्त प्रयोग म्हणून शुल्क लावलं, शुल्काच्या हद्दीतून जाणाऱ्या गाड्या साधारण २० टक्क्यांनी कमी झाल्या, मग सप्टेंबरमध्ये लोकांचं मत घेतलं. आधी विरोध करणाऱ्या शहरात मतदान शुल्काच्या बाजूने झालं कारण लोकांनी मोकळे रस्ते स्वतः बघितले होते. २००७ पासून ते कायमचं झालं.

इलेक्ट्रिक बसच्या विरोधात मी अजिबात नाही. चीनमधल्या शेन्झेनने २०१७ च्या अखेरीस सगळ्या, म्हणजे १६ हजारांहून जास्त बस इलेक्ट्रिक केल्या, आवाज आणि धूर दोन्ही गेले, डेपोशेजारी राहणाऱ्याला त्याची किंमत विचारा. पण ट्रॅफिकमध्ये अडकलेली इलेक्ट्रिक बस ही शेवटी अडकलेलीच बस, तिच्यासाठी कुणी मोटार घरी ठेवत नाही. जुनी गाडी बाद होईल तेव्हा नवीन इलेक्ट्रिकच घ्या, पण पाय पसरायच्या आधी डेपोतली वीजजोडणी आणि चार्जिंगची जागा बघा, नाहीतर गाड्या येतात आणि उभ्या राहतात.

चक्रधर:
उंबरठा, शुल्काचं मान्य, पण क्रम चुकवू नका एवढंच म्हणेन. स्टॉकहोमने शुल्काच्या काही महिने आधी, ऑगस्ट २००५ मध्येच जादा बस सुरू केल्या होत्या. लंडननेही आधी बस वाढवल्या. ज्या माणसाला बसचा पर्यायच नाही त्याच्यावर शुल्क लावलं तर तो पैसे भरून गाडीच चालवणार आणि वरून तुमच्या सगळ्या योजनेचा कायमचा शत्रू होणार. पार्किंगपासून सुरुवात करायला मात्र हरकत नाही. फुकट पार्किंगसाठी दिलेली रस्त्याची कड हीच तर ती लेन आहे जी आपण शोधतोय.

निळी छत्री:
फुकट तिकिटाबद्दल राहिलं. एस्टोनियातल्या टॅलिनने २०१३ पासून तिथल्या नोंदणीकृत रहिवाशांना बस-ट्राम फुकट केली, लक्झेंबर्गने २०२० मध्ये देशभर केली. गरीब माणसाला याचा फायदा नक्की होतो आणि तो छोटा नाही. पण टॅलिनमध्ये नव्याने आलेल्यांत आधी पायी जाणारे पुष्कळ होते, मोटारी सोडून आलेले त्यामानाने कमी. तिकिटाचा पैसा गेला आणि त्याची भरपाई कुठून झाली नाही तर फेऱ्याच कमी होतात, मग फुकटची बस पण यायची कधी? ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नाची वाट मला जास्त बरी वाटते. २०१२ मध्ये वर्षाचा पास ३६५ युरोंचा केला, म्हणजे दिवसाला एक युरो, आणि त्याच सुमारास पार्किंगचं शुल्क शहराच्या आणखी भागांत लावलं. एकदा पास खिशात आला की प्रत्येक वेळी विचार करावा लागत नाही, बस हीच सवय होते.

मला तिकिटाच्या रकमेपेक्षा तिकिटाची पद्धत जास्त खुपते. बस बदलली की नवीन तिकीट, हे बंद व्हायला हवं. कारण याचा सगळ्यात जास्त फटका बायकांना बसतो. ऑफिसला सरळ जाऊन सरळ येणाऱ्या माणसाचं वेगळं असतं, पण जिला मुलाला सोडून, औषधं घेऊन, मग कामावर जायचंय आणि येताना सासूबाईंकडे डोकवायचंय तिचे छोटे छोटे चार प्रवास होतात, ते दुपारच्या वेळेला असतात जेव्हा फेऱ्या कमी केलेल्या असतात, आणि चारही वेळा पहिल्या टप्प्याचं महागडं भाडं तिच्याच माथी. एका तिकिटावर दीड तास कितीही बस बदला, असं केलं की हा अन्याय जातो. जर्मनीतल्या हॅम्बुर्गमध्ये १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक कंपन्या एकत्र आल्या आणि त्यातून पुढे एकच तिकीट सुरू झालं, तेव्हा संगणकसुद्धा फार नव्हते, त्यामुळे तांत्रिक अडचणीचं कारण मला कुणी सांगू नये.

साधा प्रवासी:
मी यातला जाणकार नाही पण रोज बसनेच फिरतो. तुम्ही सगळे बसवर बोलताय, स्टॉपपर्यंत पोचायचं कसं ते पण बोला ना. फूटपाथ फुटलेला, मधे ट्रान्सफॉर्मर, संध्याकाळी दिवा नाही. बसला येणारा प्रत्येक माणूस आधी चालतच येतो. आणि मार्ग इतके वेडेवाकडे का असतात? प्रत्येक गल्लीला खूश करायचं म्हणून एक बस सगळीकडून फिरत फिरत जाते, आणि दर ४५ मिनिटांनी येते. मला पाच मिनिटं जास्त चालायला लागलं तरी चालेल पण तिथे बस दहा मिनिटांत मिळू दे.

चक्रधर:
साधा प्रवासी, अहो हा आमच्या धंद्यातला सगळ्यात अवघड निर्णय आहे आणि तुम्ही तो दोन ओळींत सांगितलात. तेवढ्याच गाड्यांत एकतर सगळीकडे थोडी थोडी बस देता येते, नाहीतर मोजक्या सरळ मार्गांवर भरपूर. अमेरिकेतल्या ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये एका रात्रीत अख्खं बसचं जाळं बदललं, खर्च फारसा न वाढवता, वळणं काढून सरळ रेषेत मार्ग आखले आणि वारंवार बस येणारे मार्ग खूप वाढवले. दक्षिण कोरियातल्या सोलने १ जुलै २००४ ला तसंच केलं, बसना मार्गाच्या प्रकारानुसार चार रंग दिले, मधोमध मार्गिका, बस बदलली म्हणून वेगळं भाडं नाही, आणि मार्ग ठरवण्याचा अधिकार खासगी बसवाल्यांकडून शहराने स्वतःकडे घेतला. पहिले काही दिवस गोंधळ उडाला, कार्डाची यंत्रं बंद पडली, लोक चुकीच्या बसमध्ये चढले, शिव्या खाल्ल्या. तरी मागे फिरले नाहीत म्हणून ते टिकलं. फक्त ज्या गल्लीची बस जाते तिथे कुणी म्हातारं किंवा अपंग माणूस असतो, त्याच्यासाठी छोट्या गाडीची सोय आधी करा आणि मगच मार्ग सरळ करा, हे मी हात जोडून सांगतो.

पायवाट:
मग मागण्या अशा लिहू का? सर्वात गर्दीचे मोजके मार्ग निवडून तिथे दिवसभर दर १० मिनिटांनी बस, त्या मार्गांवर जिथे जिथे बस अडकते तिथे मार्गिका आणि सिग्नलला प्राधान्य, आणि दीड तासाचं एकच तिकीट. पार्किंगचं चौथं म्हणून घालायचा विचार आहे, गटात त्यावर भांडण होणार हे नक्की.

चक्रधर:
छान आहे, यात एकच घाला. बस कुठे अडकते हे अंदाजाने लिहू नका. तुमच्यातले चारपाचजण घड्याळ घेऊन त्या मार्गांच्या बसमध्ये बसा, सकाळी, दुपारी, संध्याकाळी, आणि प्रत्येक वेळी बस थांबली की लिहा, कुठे, किती सेकंद आणि कशामुळे, सिग्नल, स्टॉप, पार्किंग की नुसती रांग. बसमध्ये जीपीएस असेल तर ती नोंद माहितीच्या अधिकारात मागवा, पण कशामुळे हे जीपीएस सांगत नाही, ते बसूनच कळतं. आणि चालक-वाहकांना विचारा, त्यांना प्रत्येक चौक पाठ असतो आणि त्यांना कुणी कधी विचारलेलं नसतं. तो कागद निवेदनाला जोडा, पार्किंगचं भांडणही मग त्याच कागदावरून करा. नोंदी झाल्या की इथे टाका, फेरीच्या वेळेचं आणि गाड्यांचं गणित मी करून देतो.